तिसरी खेप

माझ्या कमरेला दोर बांधून मला खाली सोडलं. विहिरीत नव्हे, माणसाच्या घरात.

घराच्या मागच्या भिंतीला, अगदी जमिनीलगत, तळघराचा झरोका होता. बाई कशीबशी मावेल एवढा. दोराचं वरचं टोक धरायला दोन माणसं होती. एक माझा सासरा, दुसरा माझा नवरा. आप्पासाहेबांच्या गड्यांनी तो दोर धरला नसता, माझ्या अंगाला लागलेला होता ना. आणि दोर तरी कुणाचा? आमचाच. आम्ही मांग. दोर वळणं हे आमचं काम. होळीच्या आधी मी आणि सासऱ्यानं मिळून अंबाडीचा तो दोर वळला होता, आप्पासाहेबांच्या मोटेसाठी. चांगला पीळ दिला होता. तुटू नये म्हणून.

खाली गारवा होता आणि अर्धा अंधार. ओट्यावर चिनी मातीचं पांढरंधोप भांडं बसवलेलं. ओट्याच्या पोटात एक कोनाडा आणि कोनाड्यात लोखंडी बादली. मी कमरेचा दोर सोडला, बादली ओढून काढली, दोर बादलीच्या कडीला बांधला आणि हाक दिली. आधी बादली वर जायची, मग मी. बादली वर गेली, झरोक्याच्या दगडाला धडकली आणि कलंडली. मी नेमकी खाली उभी होते. केसांवर, कपाळावर, पोलक्यात. तोंड घट्ट मिटायचं तेवढं सुचलं.

वरून आप्पासाहेबांचा आवाज आला, "भिवा, सुनंला सांग, फरशी पुसून घे म्हणावं. साहेब उठायलेत."

फरशीची काळजी! शहाबादी फरशी होती, नवी. मी ती माझ्या पदरानं पुसली. दुसरं फडकं नव्हतं.

ही पहिली खेप.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते. सांगितलंच पाहिजे, कारण पुढं कुणी म्हणेल, त्यांच्या जातीचं कामच होतं ते. नव्हतं. आमच्या तेरला तोवर संडासच नव्हता. सगळं गाव बांधाला, ओढ्याला जायचं. आप्पासाहेबसुद्धा पहाटे तांब्या घेऊन निघायचे, आणि वाटेत कुणी भेटलं तर तांब्या धोतराआड धरायचे. त्या एका बाबतीत गावात कुणी मोठा नव्हता आणि कुणी लहान नव्हता. संडास नाही म्हणजे मैला उचलणारंही कुणी नाही. धाराशिवला मेहतर होते असं ऐकून होते. आमच्या गावाला ते काम ठाऊकच नव्हतं.

निजामाचं राज्य होतं. आप्पासाहेब गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. त्यांनी नवं दगडी घर बांधायला काढलं आणि घराखाली तळघर खोदलं. उन्हाळ्यात आमच्याकडे दगडसुद्धा पोळतात. तळघरात दुपारी गार झोप लागते, बड्या पाहुण्यांची तिथं सोय करता येते, असं त्यांनी हैदराबादेत कुठंतरी पाहिलं होतं. तालुकदारसाहेब, म्हणजे सगळ्या जिल्ह्याचा अंमलदार, वैशाखात मुक्कामाला येणार होते. त्यांच्यासाठी तळघर.

ते तळघर मी खोदलंय. मी, माझा नवरा, माझी जाऊ धुरपा. मुरमाच्या पाट्या डोक्यावर घेऊन मी त्या पायऱ्या दिवसातून किती वेळा चढले आणि उतरले याला मोजदाद नाही. तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही. पायऱ्या निघत होत्या माजघरात, देवघराच्या दाराशी. पण देवघरात देव आले नव्हते ना अजून. वास्तुशांत झाली, देव आले, आणि माझ्याच पायांनी गुळगुळीत झालेल्या पायऱ्या मला बंद झाल्या.

गवंडी होते इमामचाचा. चुन्याचं काम करावं तर त्यांनीच. हातात ओळंबा, तोंडात तंबाखू आणि बोलणं मोजकं. तळघरात संडास करायचा असं आप्पासाहेबांनी सांगितलं तेव्हा चाचांनी रस्त्याच्या नालीपासून तळघरापर्यंत सुतळी धरली. मला म्हणाले, "इकडं धर बेटी." मी टोक धरलं. सुतळी सरळ धरली तर ती तळघराच्या छताला लागत होती. म्हणजे नाली वर आणि संडास खाली, दीड पुरुष खाली.

"आप्पासाब, पानी खालून वर न्हाय चढत," चाचा म्हणाले. "संडास वर अंगणात काढू."

"साहेबानं उन्हात अंगणात जायाचं व्हय? तळघरातच पायजे."

"मग खाली खड्डा घेऊ. जमीन पिऊन टाकंल."

खड्डा घ्यायला सुरुवातही झाली. हातभर खोदलं आणि टिकावाला खापर लागलं. आमच्या गावात कुठंही खोदा, जुनं काहीतरी लागतंच. मणी, विटा, खापरं. इथं भाजलेल्या मातीची कडी लागली, एकीवर एक रचलेली, थेट खाली गेलेली. चाचा आत डोकावले आणि हसले. म्हणाले, "हे बघ. जुन्या लोकान्ला अक्कल होती. सांडपाण्याचा खड्डा हाय हा. सगळं जमिनीत. कुणाच्या डोक्यावर न्हाय."

ते वाक्य तेव्हा माझ्या कानावरून गेलं. नंतर मात्र कधी गेलं नाही.

आप्पासाहेबांनी खड्डा बुजवायला लावला. बारा पावलांवर त्यांची पिण्याची विहीर होती. "माझ्या आडाचं पाणी नासंल," म्हणाले. खरंच नासलं असतं. त्यांचं पाणी नासू नये म्हणून मग काय नासलं, ते पुढं येतंच आहे.

भांडं सोलापूरहून आगगाडीनं ढोकीला आणि ढोकीहून कडब्यात गुंडाळून बैलगाडीनं आलं. बघायला गाव लोटलं. येसाजीबुवानं तर हातच जोडले. हे कशाचं आहे ते कुणी सांगितल्यावर म्हातारा असा काही पळाला की मुलं आठवडाभर त्याच्या मागं लागली होती. भांडं तळघरात बसवलं. चाचा नको नको म्हणत असताना आप्पासाहेबांनी नळ भिंतीतून वर चढवायला लावला आणि वरच्या मोरीच्या नळाला जोडायला लावला. म्हणाले, "नळात पाणी हाय म्हणल्यावर जातंयच की कुठंतरी." जमीन त्यांची, माणसं त्यांची. पाण्यानंही हुकूम ऐकावा असं त्यांना वाटत होतं.

त्या दिवशी एकादशी होती. वर सगळं घर आंघोळीला बसलं. आप्पासाहेब खाली चार सोयरे घेऊन संडास दाखवत होते. मी बाहेर झरोक्याशी चुना कालवत होते. वरच्या मोरीचं पाणी नळात आलं आणि जिथं वाट सखल दिसली तिकडं गेलं. पांढऱ्या भांड्यातून भक्क करून उकळ्या फुटल्या. साबणाचा फेस, केस, लहान मुलाच्या लंगोटाचं पाणी, सगळं सोयऱ्यांच्या पायांवर. गादी भिजली. एक सोयरा उपरणं सावरत पायऱ्यांवर आपटला.

आणि मी हसले.

आवरलंच नाही. वीस-बावीस वर्षांची होते मी. हसू झरोक्यातून थेट खाली गेलं. आप्पासाहेबांनी वर पाहिलं. माझे दात दिसले असतील त्यांना.

"काय हसायलीस गं?"

मी पदर तोंडात कोंबला. चाचा खाली मान घालून हळूच म्हणाले, "आप्पासाब, म्या बोललो होतो, पानी न्हाय चढत."

आप्पासाहेबांची नजर माझ्यावरून हलली नव्हती. म्हणाले, "पाणी चढत न्हाय, व्हय? मग माणूस चढंल की."

त्या दोन वाक्यांत माझं काम ठरलं. नळ काढला, ओट्याला कोनाडा पाडला, कोनाड्यात बादली आली. जे काम पाण्याला जमलं नाही ते माझ्या अंगावर टाकलं. पायऱ्या देवाच्या, तेव्हा मी झरोक्यातून.

सासऱ्याला मागच्या दारी बोलावलं. आप्पासाहेब ओट्यावर, सासरा खाली मातीत उकिडवा. "भिवा, हे आजपास्नं तुझ्या घराकडं. सुगीला तुझा वाटा वाढवून दीन. वतन समज."

सासऱ्यानं जमिनीला डोकं टेकलं. मी त्याचा चेहरा पाहिला. तो खूश होता! मोठ्या घराशी नवं नातं जुळल्यासारखा खूश. मला त्याचा राग आला नाही तेव्हा. पोट माणसाला काय काय गोड करून दाखवतं, ते मलाही ठाऊक होतं.

पण माझी आई जळकोटची. तिकडं एक बोलणं होतं, ती नेहमी म्हणायची, "एकदा केलं तर बिगार, दोनदा केलं तर रीत, तिसऱ्यांदा केलं की वतन." तिसऱ्या खेपेनंतर काम तुमचं नसतं, तुम्ही कामाचे असता. मग तुमची सून, तिची सून. माझी पोर पाच वर्षांची होती. सुना-लेकी दोघींवरही हे येणार. लग्न जमवायला येणारे विचारणार, कुणाची लेक? त्या भोकातून उतरते तिची.

पहिल्या खेपेनंतर मी तेरणा नदीवर गेले. खालच्या अंगाला, जिथं म्हशी धुतात त्याच्याही खाली. वाळूनं अंग घासलं. रक्त येईपर्यंत घासलं. घरी आले तर पोर धावत आली आणि चार हातांवर थांबली. "आई, तुझा वास यायलाय." मी तिला म्हणाले, जा धुरपाकाकीकडं. तिला जायलाही नको होतं, यायलाही नको होतं. तशीच उभी राहिली.

रात्री मी नवऱ्याला विचारलं, "उद्या पण सोडणार का मला?" तो भिंतीकडं तोंड करून होता. म्हणाला, "दोर मी धरतोय नव्हं? पडू देणार न्हाय तुला." बिचाऱ्याला वाटलं मी पडायला भिते आहे.

दुसरी खेप झाली. या वेळी बादली कलंडली नाही. नवऱ्यानं हळू ओढली. झाली झटपट. आणि त्याचीच मला भीती वाटली. दुसऱ्याच दिवशी हात सरावले होते. नाक सरावलं होतं. बादलीची गाठ मारताना मी मनात म्हणत होते, उद्या दोन वेढे देऊ, म्हणजे तिरकी होणार नाही. उद्या! उद्याचं काम मी आजच नीट करायला लागले होते. असंच होतं वतन. ते कुणी लादत नाही, आपले हातच ते शिकून घेतात.

तिसऱ्या दिवशी मी ओटीत विळा घेतला.

सासऱ्यानं दोर बांधला, नवऱ्यानं सोडला. खाली पाय टेकले. मी बादलीला हात लावला नाही. ओट्यावर चढले. तालुकदारसाहेबांच्या त्या पांढऱ्या भांड्याच्या कडांवर दोन पाय दिले, हात पुरेल तेवढ्या उंचावर दोर धरला आणि विळा चालवला. चांगला वळलेला दोर लवकर तुटत नाही. मीच पीळ दिला होता, मलाच सोडवावा लागला. एकेक पदर. शेवटचा पदर तुटला तसं वरचं टोक सपकन वर गेलं आणि झरोक्याशी लोंबकळत राहिलं. मोटेच्या दोरातून उरलेला तुकडाच होता, खाली जेमतेम पुरायचा; आता ते टोक खाली पोचणार नव्हतं.

वरून सासरा ओरडला, "काय झालं गं?"

"तुटला," मी म्हणाले.

"आता गं?"

"आता काय. पायऱ्या हायेत की."

सासरा रडवेल्या आवाजात म्हणाला, "बाई, तेवढं करू नगंस. दुसरा दोर आणतो. घरला जाऊन आणतो. बस तितंच."

मी बसले नाही. पायऱ्या ओळखीच्या होत्या. सातव्या पायरीचा दगड जरा हलतो, चाचांची खाली चीप मारायची राहिली होती, तेही मला ठाऊक. बादली मी खालीच ठेवली. ती घेऊन वर गेले असते तर त्यांचंच काम केलं असतं. रिकाम्या हातांनी चढले. माजघरात निघाले. देवघराचं दार उघडं होतं. समोर मोठ्या बाई फुलवाती करत होत्या. त्यांनी मला पाहिलं. वाती मांडीवरून खाली घरंगळल्या.

मी सोप्यात आले. तालुकदारसाहेब गादीवर पान खात बसले होते. आप्पासाहेब शेजारी वाकून काहीतरी दाखवत होते. साहेबांनी मला पाहिलं. ओल्या पायांची, कमरेला दोराचा तुकडा बांधलेली बाई.

"ये कौन है?"

आप्पासाहेब वळले. चेहरा चुन्यासारखा. म्हणाले, "कोई नहीं, हुजूर."

कोई नहीं. तळघर खोदलं ती कोई नहीं. तीन दिवस ज्याचं पोट साफ झालं त्याच्यासाठी उतरली ती कोई नहीं. मला बोलायचं नव्हतं, खरंच. नुसतं बाहेर पडायचं होतं. पण तोंडातून आलंच.

"हुजूर, तुमची बादली खालीच ऱ्हायली."

आणि मी पुढच्या दारानं बाहेर पडले.

मला आप्पासाहेबांनी मारलं नाही. मारायचं म्हणजे शिवायला लागतं. त्यांनी सासऱ्याला बोलावलं आणि आपण ओट्यावर उभे राहिले. मारलं सासऱ्यानं. त्या उरलेल्या दोरानं. तो मारत होता आणि रडत होता, आणि थांबला की वर बघत होता, पुरे का म्हणून. आप्पासाहेब मान हलवत होते. नाही, अजून. नवरा पिंपळाखाली उभा होता. त्याचे हात रिकामे होते, तरी मुठी दोर धरल्यासारख्या होत्या. त्या मुठी मला आजही दिसतात. त्याला मी माफ केलेलं नाही.

त्यांनी घर गोमूत्रानं शिंपडलं, देव पुन्हा बसवले. इमामचाचांना त्या दिवसापासून गावात काम मिळालं नाही. मी हसले त्याची शिक्षा त्यांनाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशा धरून बसायला नको. माझ्या नकारानं ते काम थांबलं नाही. धुरपा उतरली. नंतर तिची सून उतरली. निजामाचं राज्य गेलं, चावडीवर दुसरा झेंडा आला, लोकांनी गूळ वाटला. नाली होती तिथंच होती, तळघर होतं तिथंच होतं. मधल्या माणसाची जागाही तीच. धुरपा मला एकदा बाजारात भेटली. म्हणाली, "तू चढलीस ना अक्का, म्हणून मला उतरावं लागलं." मी बार्शीच्या सडकेवर खडी फोडत म्हातारी झाले. पोरीनंही खडीच फोडली. मास्तरांनी तिला शाळेच्या पडवीतही बसू दिलं नाही.

मार खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. तेच खरं सांगायचं आहे.

पाठ सोलून निघाली होती, मी झोपडीत पालथी पडले होते. बाहेर सासरा अंबाडी सोडवत होता. नवा दोर वळायचा होता, आप्पासाहेबांचा निरोप होता. दोर वळायला दोघं लागतात. एकानं टोक धरून बसायचं, दुसऱ्यानं पीळ देत मागं सरकायचं. आमच्या घरात टोक नेहमी मी धरायची. सासऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाला, "ये गं चिमणे, धर एवढं. गच्च धर हां."

माझ्या पोरीनं धरलं. तिला खेळ वाटला. दोन्ही मुठींत टोक घेऊन, पाय रोवून, दात दाखवत बसली. सासरा पीळ देत मागं सरकत होता आणि ते टोक तिच्या हातात घट्ट होत चाललं होतं.

मी उठले. कशी उठले ठाऊक नाही. पोरीच्या मुठी एकेक बोट करून सोडवल्या आणि टोक बाहेरच्या चुलीत घातलं. अंबाडी भडकन पेटली. आग दोरावरून सासऱ्याच्या हातापर्यंत धावली. त्यानं टाकला.

"आता टोक कोण धरणार?" तो ओरडला.

दारात धुरपा उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं. म्हणाले, "धुरपे, धरू नगंस." तिच्या कडेवर तान्हं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग खाली बसली आणि अंबाडीची नवी बट हातात घेतली.

मी पोरीला उचललं आणि ढोकीच्या वाटेला लागले.

त्या वाटेवर मी ठरवलं ते अजून बदललेलं नाही. उपाशी मरेन, पोरीलाही उपाशी ठेवेन. ठेवलीही. पण माझ्या रक्ताचं कुणी कुणाच्या घाणीत दोरावरून उतरणार नाही. आणि दुसऱ्या कुणाला उतरवताना कुणी दिसलं, तर दोर कुणी वळलाय ते मी विचारणार नाही. सासऱ्यानं वळलेला असो, धुरपानं वळलेला असो, मी स्वतः वळलेला असो. तोडणार.